डॉ. एस. खोत व सौ.

संभाजीनगरला जाऊन वेरूळ-अजिंठा न बघता परत आलेली माणसं फार नसावीत. आम्ही दोघं त्यांतले. परत आल्यावर कोल्हापुरात जो तो विचारतो, "कैलास लेणं कसं वाटलं?" मी खरं ते सांगतो. लेणं नाही पाहिलं. एक म्हैस पाहिली आणि एक तोंडी परीक्षा पाहिली, आणि दोन्हींत घाम सारखाच गेला.

आमच्या घरात डॉक्टर दोन. मी श्रीपती खोत, जनावरांचा. निम्म्या जिल्ह्याच्या गोठ्यांत हात घालून नुकताच निवृत्त झालोय. बायको सुमन खोत, अर्थशास्त्राची, त्यातही स्थूल अर्थशास्त्राची. लग्न ठरलं तेव्हा आईनं तिला विचारलं होतं, "स्थूल म्हंजे काय गं?" सुमन म्हणाली, "एका घरातली चूल कशी चालते ते बघणारं शास्त्र वेगळं. अख्ख्या देशाची चूल कशी चालते ते बघणारं हे." आई म्हणाली, "आधी आपल्या घरातली बघ."

सुमननं दोन्ही बघितल्या. तालुक्याच्या कॉलेजात तासावर शिकवायला लागली ती विद्यापीठात प्राध्यापक होऊन थांबली. मधे पीएच.डी. झाली, मधे मुलगी झाली, मधे विभागप्रमुखपद दोनदा हुकलं. एकदा कुणाच्या तरी भाच्याला नापास केलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्याच भाच्याला पुन्हा नापास केलं म्हणून. महागाईवर तिचं एक पुस्तक आहे. महागाई वाढणार असं लोकांच्या मनानं घेतलं की ती खरंच वाढते, म्हणून व्याजदर वाढवून आधी लोकांच्या मनातली भीती मोडावी, असं त्यात म्हटलंय. पुस्तक जाड आहे. मी ते वाचलंय, कारण टाइप करताना चुका काढायचं काम माझ्याकडं होतं.

तिची आणखी एक ओळख आहे. परगावी तोंडी परीक्षा घ्यायला गेली की ती उमेदवाराचा चहासुद्धा घेत नाही. या परीक्षांत परीक्षकाला खाऊ-पिऊ घालण्याची आपल्याकडं रीतच पडलीय. ही घरून डबा नेते. तिच्या क्षेत्रात तिला 'डबेवाल्या मॅडम' म्हणतात.

जानेवारीत संभाजीनगरच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. सुजाता साळवे नावाच्या बाईंनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला होता आणि सुमन त्यांची बाहेरची परीक्षक होती. सुजाताबाईंचे मार्गदर्शक होते काझी सर, सुमनचे जुने वैरी. महागाई शेतातनं येते असं ते म्हणतात आणि डोक्यातनं येते असं ही म्हणते. त्यावरून दोघं ऐन उमेदीपासून दर परिषदेत भांडत आलेत. त्यांनीच परीक्षक म्हणून हिचं नाव सुचवलं होतं. सुमनला त्यात काहीतरी कावा दिसत होता. मेमध्ये ती निवृत्त होणार, म्हणजे ही तिची शेवटची तोंडी. मी म्हटलं, मीही येतो.

विश्रामगृह

बसच्या प्रवासाचं काही सांगत नाही. पाठीला मणके किती असतात ते मला जनावरांवरून माहीत होतं, त्या दिवशी स्वतःवरून कळलं.

स्टँडवर रफिकभाई नावाचे ड्रायव्हर हातात गुच्छ घेऊन उभे होते. त्यांनी आमच्या दोघांकडं एकदा बघितलं आणि गुच्छ माझ्या हातात ठेवला.

"वेलकम खोत साहेब. मॅडमला बी आणलं, अच्छा किया. तुमची परीक्षा होईपर्यंत त्यांना लेणी दाखवून आणतो."

मी तोंड उघडलं. सुमननं माझ्या पायावर पाय दिला. तोंड मिटलं.

विश्रामगृहाच्या मॅनेजरनं वहीत नाव लिहिलं, 'डॉ. एस. खोत व सौ.', आणि पेन खाली ठेवायच्या आत मला विचारलं, "सर, तुम्ही अर्थशास्त्राचे. सोनं आत्ता घ्यावं का थांबावं?"

"आधी मिसेसना विचारा," मी म्हटलं.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "काय बोललात! इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं."

खोलीत गेल्यावर सुमन खुदकन हसली. हे तिला नवीन नव्हतं. आयुष्यभर तिच्यासाठी आणलेले हार कुणा ना कुणा पुरुषाच्या गळ्यात पडत आलेत. एकदा तर ध्वनिक्षेपकवाल्याच्या. म्हणाली, "अहो, राहू दे असंच. मला प्रबंधाचे शेवटचे दोन भाग पुन्हा वाचायचेत. आज जी येतील ती माणसं तुम्ही झेला. उद्या सकाळी काझी सर भेटतील, मग आपोआप उलगडेल."

"आणि कुणी महागाईबद्दल विचारलं तर?"

"वाढलीय म्हणा. कधी चुकत नाही."

ती आतल्या खोलीत प्रबंध घेऊन बसली आणि मी बाहेरच्या खुर्चीत अर्थतज्ज्ञ म्हणून बसलो. दाढीवरून हात फिरवून बघितला, थोडा फरक जाणवला.

पहिले आले ते दुसऱ्या एका कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. नाव लिहीत नाही. बोलताना चष्म्याची काडी चघळायची त्यांना सवय होती, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना चघळे सर म्हणत होतो. त्यांनी माझ्या पुस्तकाची, म्हणजे सुमनच्या पुस्तकाची, पोटभर स्तुती केली. मागच्या पानावर लेखिकेचा फोटो आहे, तिथवर ते पोचले नसावेत. मग टेबलावर इमरतीचा एक भलाथोरला डबा ठेवला आणि आवाज खाली आणला.

"सर, हा प्रबंध जरा कच्चा आहे. दुरुस्तीला परत पाठवलात तर विद्यार्थिनीचंच भलं होईल. घाई कशाला?"

मी म्हटलं, "महागाई वाढलीय." ते विचारात पडले, मान डोलावली आणि गेले.

त्यांची घाई नसण्याचं कारण मला मॅनेजरकडनं कळलं. चघळे सरांच्या कॉलेजात एक कायमची जागा निघाली होती. अर्जाची मुदत याच महिन्याअखेर संपत होती आणि पीएच.डी. शिवाय अर्ज करता येत नव्हता. सुजाताबाई कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवलं तितक्याच तासांच्या मानधनावर, शिकवत होत्या. त्या जागेवर चघळे सरांना स्वतःचा माणूस बसवायचा होता.

हे सुमनला सांगायला आत गेलो तर तिनं प्रबंधातनं डोकं न काढता हात वर केला. म्हणजे नंतर. मी इमरतीचा डबा उघडला. आमच्याकडं जिलबी पातळ असते, कुरकुरते. ही उडदाची, जाडजूड, पाकानं फुगलेली. दाताखाली आली की बोलणं बंद होतं. दोन खाल्ल्या.

दुपारी एक म्हातारी आली. हिरवं इरकली लुगडं, हातात कापडात बांधलेला डबा.

"जय भीम, सर. मी कौसाबाई साळवे, करमाडची. सुजाता माझी सून."

मी चटकन उठलो. "जय भीम. पण तुम्ही यायला नको होतं, बाई."

"काजी सरबी त्येच म्हणले व्हते. सुनेला सांगितलं, परीक्षा होवोस्तर तुझी सावलीबी साहेबावर पडू देऊ नको. ती नाय आली. मला कुठं कोण काय म्हणलं?" तिनं कापड सोडलं. "धपाटे हायेत. आन् दही. पास करा म्हणाया नाय आले. नापास करायचं तर करा, पर वाचून करा. लई रात्री जागली पोरगी."

डबा परत कसा करावा या विचारात मी असताना तिचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू आला. म्हैस सकाळपासून अडली होती. पिशवी फुटली, एक पाय बाहेर आला, आणि पुढं काही नाही. गावचे सरकारी डॉक्टर दुसऱ्या गावाला गेले होते. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला.

"कोणता पाय? पुढचा का मागचा?" मी विचारलं.

ती गोंधळली. "तुमाला काय करायचं, सर?"

"अहो, पुढचा का मागचा?"

फोनवर विचारलं गेलं. पुढचा. म्हणजे दुसरा पाय आत मुडपलेला. तासाभरात हात लागला नाही तर रेडकू गेलं, आणि वेळ लांबली तर म्हैसही. मी आतल्या दाराकडं बघितलं. सुमनला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. धपाट्यांचा डबा म्हातारीच्याच हातात परत दिला आणि रफिकभाईंना हाक मारली.

करमाड

जालना रस्त्यानं निघालो. शेंद्र्याचे कारखाने आले तसं कौसाबाईनं खिडकीतनं बोट दाखवलं. मग म्हणाली, "माजा महेंद्र हितंच कंपनीत हाये. आदी ओव्हरटाइम मिळायचा, आता नाय. सून म्हणती ते व्याजाच्या दरामुळं झालं. मला नाय कळत. पर तुमाला कळत आसंल."

"थोडंफार," मी म्हटलं.

"आन् म्हशीचंबी कळतं?"

"म्हशीचं जरा जास्त."

गोठ्यात दहा-पंधरा माणसं जमली होती. परीक्षेचे साहेब आले असा बोभाटा आमच्या आधी पोचला होता. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी पाण्याचा तांब्या. मी शर्ट काढून दावणीला टांगला, गरम पाणी, साबण आणि गोडं तेल मागितलं, आणि खांद्यापर्यंत हात धुतला. त्यानंतर गोठ्यात जी शांतता पसरली तशी सुमनच्या कुठल्याही व्याख्यानाला पसरलेली मी पाहिलेली नाही.

म्हैस दमली होती, पण धीराची होती. कळ थांबली की रेडकू मागं ढकलायचं, खूर मुठीत झाकून घ्यायचा, म्हणजे आतून फाटत नाही, आणि गुडघा वळवून पाय सरळ करायचा. सांगायला एक वाक्य लागतं. करायला दंड बधिर होतो. आता माझं वय झालंय. मधे एकदा वाटलं, हात आतच राहतोय. कौसाबाई म्हशीच्या तोंडाशी बसून तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. मागनं एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "इकानॉमिक्समधी हेबी शिकवत्यात व्हय?"

"प्रॅक्टिकल आसंल," दुसरा म्हणाला.

पाय सरळ झाला. पुढच्या कळेला सगळ्यांनी मिळून ओढलं आणि रेडकू गवतावर आलं. नाकातला चिकटा काढला, गवतानं छाती चोळली. शिंकलं. गोठ्यात एकच कालवा झाला.

त्याच वेळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. खांद्याला पर्स, हातात पुस्तकं, कॉलेजातनं थेट आलेली. तिनं म्हशीकडं बघितलं, रेडकाकडं बघितलं, उघड्याबंब माझ्याकडं बघितलं.

"सुजाता, बघ कोन आलंय!" कौसाबाई ओरडली. "तुजे खोत सर!"

"आत्याबाई," सुजाता हळू आवाजात म्हणाली, "खोत सर नाहीयेत. खोत मॅडम आहेत. हे कोण?"

गोठाभर लोक माझ्याकडं वळले. मी तेलकट हातांनी नमस्कार केला. "मी मॅडमांचा नवरा. म्हशींचा डॉक्टर."

लोक हसायला लागले. सुजाता हसली नाही. ती पायरीवर बसली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"सर, तुम्ही जीव वाचवलात, ते कधी विसरणार नाही. पण उद्या कुणी म्हणालं की परीक्षकांच्या घरचा माणूस आदल्या दिवशी हिच्या घरी होता, तर? काझी सरांनी पाच वर्षं मला एक चहा पाजू दिला नाही कुणाला. आणि आज..." 

यात सुजाताचंही नुकसान आहे, हा प्रकाश तेव्हा माझ्या डोक्यात पडला. तोवर मी फक्त म्हशीचा विचार केला होता. पण उपाशीपोटी मला कौसाबाई सोडेना. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. आमच्या तांबड्या रश्श्याला मी जगात तोड मानत नाही. पण ही भाजलेल्या डाळीची दाट, काळसर आमटी भाकरीत अशी मुरते की माणूस आपल्या गावाशी थोडा वेळ बेइमान होतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते, खाली फळीवर सुजाताची पुस्तकं. त्यांत सुमनचंही होतं. पानं सुटून आलेली, समासभर पेन्सिलीनं भांडणं लिहिलेली.

मी विश्रामगृहावर पोचलो तेव्हा दिवे लागत होते. सुमननं दार उघडलं आणि नाक वर केलं. इतक्या वर्षांच्या संसारात तो वास ती ओळखते.

"म्हैस," ती म्हणाली.

"म्हैस."

"कुणाची?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं उघडा प्रबंध मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "जेवलात?"

"जेवलो."

"काय होतं?"

"येसराची आमटी."

"चांगली होती?"

"फार."

"वाटलंच." तिनं घरून आणलेला डबा उघडला आणि गार चपाती मोडून खायला लागली. तो घास बघून मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताचा राग आला.

तिच्यापुढं दोनच वाटा होत्या. माघार घ्यावी, तर नवा परीक्षक नेमायला सहा महिने जाणार आणि सुजाताची जागा हातची जाणार. परीक्षा घ्यावी, तर चघळे सर आणि त्यांचे भाऊबंद जन्मभर म्हणणार की ही पदवी म्हशीच्या पाठीवरून आली. तिला स्वतःच्या नावाची काळजी नव्हती असं नाही. ते नाव तिनं चहा नाकारत, डबे वाहत जपलं होतं. मी चघळे सरांच्या भेटीची हकीकत सांगितली. ती खाता खाता थांबली.

"इमरतीचा डबा आहे अजून?"

"आहे."

"भरलेला?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

तोंडी

ही परीक्षा खुली असते. कुणीही येऊन बसावं. प्राचार्य अध्यक्ष होते. पहिल्या रांगेत चघळे सर चष्म्याची काडी तोंडात धरून बसले होते. मी दिसताच त्यांनी मला नमस्कार केला आणि माझ्यासाठी शेजारची खुर्ची पुसली. मग काझी सर आले. पांढरी दाढी, करडी शेरवानी, डोळ्यांत खट्याळ चमक. ते थेट सुमनसमोर गेले. "आइए, खोत मॅडम. व्याजदर वाढवायला आलात?" चघळे सरांच्या तोंडातली काडी खाली पडली.

सुमन उभी राहिली. "सुरुवातीआधी दोन गोष्टी. काल माझे पती, जे पशुवैद्य आहेत, उमेदवाराच्या घरी गेले होते. म्हैस अडली होती, ती त्यांनी सोडवली. तिथं ते जेवलेसुद्धा. उमेदवाराला हे आधी माहीत नव्हतं, मलाही नव्हतं." तिनं पिशवीतनं डबा काढून टेबलावर ठेवला. "दुसरी गोष्ट. हा प्रबंध परत पाठवावा म्हणून काल विश्रामगृहावर हा इमरतीचा डबा आला. आणणाऱ्यांनी तो घेऊन जावा. दोन कमी आहेत, त्या माझ्या पतींनी खाल्ल्या. त्यांना आवर घालणं मला जमलेलं नाही. आता मी परीक्षा घेऊ नये असं इथं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी उभं राहून सांगावं. मी खुर्ची सोडते."

कुणी उभं राहिलं नाही. चघळे सर छताचा पंखा तपासत होते. प्राचार्यांनी सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच घ्या."

सुजातानं प्रबंध मांडला. तिचं म्हणणं साधं होतं. व्याजदर वाढले की त्याचा फटका आधी शेंद्र्यातल्या कामगाराच्या ओव्हरटाइमला बसतो. करमाडच्या आठवडी बाजारातले भाव मात्र त्यानं लवकर हलत नाहीत. खेड्यातला माणूस महागाईचा अंदाज बांधतो तो तेलाच्या आणि डाळीच्या भावावरून, व्याजदराच्या बातमीवरून नाही.

म्हणजे महागाई डोक्यातनं येते हे तिला कबूल होतं. पण डोक्यात ती बाजारातनं शिरते, असं ती म्हणत होती. काझी सर आणि सुमन दोघंही खुर्चीत पुढं सरकले.

मग सुमननं सुरुवात केली. मी तिला भाजीवाल्याशी घासाघीस करताना पाहिलंय, पण हे वेगळंच होतं. प्रत्येक तक्त्याला तिनं हात घातला. सुजाताचा आवाज आधी कापत होता. महेंद्र, तिचा नवरा, मागं भिंतीला टेकून उभा होता. प्रत्येक प्रश्नाला त्याचा जबडा आवळत होता. कौसाबाईनं माझ्या कानात विचारलं, "तुमची मिशेस रागावलीया का?"

"नाही. खूश आहे. रागावली की ती प्रश्न विचारत नाही."

शेवटी सुमन म्हणाली, "साळवे बाई, तुम्ही करमाडच्या आसपासचे बाजार पाहिलेत. हे स्थूल अर्थशास्त्र आहे, इथं देशाबद्दल बोलतात. पाच बाजारांवरून तुम्ही देशाबद्दल बोलता?"

सुजातानं पाण्याचा घोट घेतला. आवाज आता कापत नव्हता.

"मॅडम, तुमच्या पुस्तकात माहिती फक्त शहरांची आहे. तुम्ही शहरांवरून देशाबद्दल बोललात. मी म्हटलं, उरलेल्या देशाकडून कुणीतरी बोलावं."

 काझी सरांना एकदम खोकला आला आणि त्यांनी रुमालात तोंड लपवलं.  सुमननं हातातल्या पेननं स्वतःच्या कागदावरची एक ओळ खोडली.

"दुष्काळाचं वर्ष का वगळलंत?"

"त्या वर्षी लोक गावात नव्हते, मॅडम. ऊसतोडीला गेले होते, तुमच्याच भागात. विचारणार कुणाला?"

"हे प्रबंधात का लिहिलं नाही?"

सुजातानं मान्य केलं. "लिहायला पाहिजे होतं."

"लिहा. तेवढी दुरुस्ती करा." सुमन प्राचार्यांकडं वळली. "पदवी द्यावी अशी माझी शिफारस आहे. चौथा भाग मला मान्य नाही. का नाही, ते मी लेख लिहून छापीन. डॉक्टर साळवेंनी त्याला उत्तर द्यावं."

डॉक्टर हा शब्द कळायला कौसाबाईला क्षणभर लागला. मग तिनं पदरानं डोळे टिपले आणि जाऊन सुनेच्या नाही, सुमनच्या गळ्यात पडली. बाहेर पडताना पाहिलं तर इमरतीचा डबा टेबलावर नव्हता. तो कुणी नेला ते मी विचारलं नाही.

शहागंज

संध्याकाळी काझी सरांनी घरी जेवायला बोलावलं. शहागंजात कापडाच्या दुकानांमधून, अत्तरवाल्यांच्या आणि खजुराच्या गाड्यांमधून वाट काढत एका बोळात त्यांचं घर. त्यांच्या पत्नी नसीमभाभी उर्दू शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी मोठ्या थाळ्यात नान-खलिया आणला. मऊ, पिवळसर, रुंद नान आणि हळदीचा तवंग आलेला मटणाचा रस्सा. आमच्याकडं रस्सा वाटीत घेऊन भुरकतात; इथं नान त्यात चुरून हातानं खातात. सुमननं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"डबा नाही आणला?" काझी सरांनी विचारलं.

"परीक्षा संपली. आता मी कुणाचीच परीक्षक नाही. अजून एक नान."

"मला एक सांगा," सुमन मग म्हणाली. "माझं नाव का सुचवलंत? तुमची मित्रमंडळी काय कमी होती? त्यांनी चहा पिऊन पास केलं असतं."

"दोस्त पास करता है तो लोग बोलते हैं, दोस्त था," काझी सर म्हणाले. "या पोरीमागं ना कुठला काका, ना मामा. तिला अशा कुणाचा शिक्का पाहिजे होता की ज्याला कुणी खोटा म्हणणार नाही. असा दुष्मन मला एकच माहीत होता."

 सुमननं माझ्या ताटातला हाडाचा तुकडा उचलून स्वतःच्या ताटात घेतला. गहिवरली की ती असंच काहीतरी करते.

सुजाताही आली होती. महिन्याअखेर अर्ज जाणार होता. जागा मिळेलच असं कुणी म्हणालं नाही. चघळे सर तिथंच आहेत, मुलाखत व्हायची आहे. "तोवर तासिका आहेतच," ती म्हणाली. "उद्या सकाळी आठला आहे एक. महागाईचाच धडा."

"मी येऊ?" सुमननं विचारलं.

मागचा बाक

सकाळी थंडी होती. वर्गात शंभरेक मुलं-मुली, काहीजण करमाड-शेंद्र्याकडून पहिल्या बसनं आलेली, कानटोपीतच. सुमन जाऊन शेवटच्या बाकावर बसली, दोन मुलींच्या मधे. त्यांनी तिला जागा दिली आणि एकीनं विचारलं, "काकू, ॲडमिशन घेतली का?" मी बाहेर व्हरांड्यात खिडकीपाशी उभा राहिलो.

सुजातानं फळ्यावर एका बाजूला 'डोकं' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'बाजार'. डोक्याखालची बाजू तिनं इतकी चोख मांडली की सुमनसुद्धा मान हलवत होती. व्याजदर वाढतो, भीती मोडते, भाव उतरतात. मुलं लिहून घेत होती. मग सुजाता दुसऱ्या बाजूला वळली आणि म्हणाली, "आता ही गोष्ट करमाडच्या बाजारात का अडते ते बघू."

मागच्या बाकावरून हात वर गेला.

सुजातानं पाहिलं. मुलं मागं वळली. मी खिडकीचा गज घट्ट धरला. विद्यापीठात हा हात वर गेला की भलेभले वक्ते मधेच थांबतात, हे मला ठाऊक आहे.

"हात खाली घ्या," सुजाता म्हणाली. "आधी माझं पुरं होऊ द्या. प्रश्न शेवटी."

सुमननं हात खाली घेतला, शेजारच्या मुलीकडून कागद मागितला आणि लिहून घ्यायला लागली.